ऐरण आजोबांची नव्हती

आप्पा, मागच्या पत्रात मी ऐरणीला आजोबांची ऐरण म्हटलं होतं. ती आजोबांची नव्हती. ती तुम्ही बेळगावच्या कॅम्पातून, एका भंगारवाल्याच्या आवारातून आणलीत, मी तिसरीत होते तेव्हा. मागचं पत्र तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या वर्षी लिहिलेलं, कॉलेजच्या वहीच्या मधल्या पानांवर, आणि ते अजून माझ्या पेटीत घडी घालून ठेवलेलं आहे. परवा काढून वाचलं तर पहिल्याच पानावर हे वाक्य दिसलं, 'आजोबांपासून चालत आलेली आपली ऐरण', आणि कारखान्यात चुकीच्या मापाचा एखादा तुकडा हाताखालून पुढे निघून गेल्यावर होतं तसं झालं. हे मी लिहिलं कसं, याचा विचार करत बसले, तेव्हा लक्षात आलं की लिहिण्याआधी ते मी बोलले होते. अण्णांना.

दुसरी चूक त्याच पत्रात शेवटाकडे आहे, आणि तिला चूक म्हणणं बरोबर नाही. मी लिहिलंय, 'जाताना तुम्ही ऐरणीबद्दल काहीच बोलला नाहीत.' तुम्ही बोलला होता. निपाणीच्या दवाखान्यात, दुपारची वेळ, आई चहा आणायला खाली गेली होती. खिडकीतून वखारीतल्या तंबाखूचा वास येत होता आणि तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "ऐरण अण्णाला दे. तेच्याकडं चालती ऱ्हाईल." मी व्हय म्हटलं. आई चहा घेऊन आली, तिनं विचारलं, "काय बोललं काय गं?" आणि मी म्हटलं, "न्हाय." त्यानंतर दोन दिवसांनी तुम्ही गेलात. बारा वर्षं झाली. ते वाक्य माझ्याशिवाय कुणी ऐकलेलं नाही, आणि मी ते कुणाला दिलेलं नाही.

अण्णा म्हणजे तुमच्यासमोर उभं राहून घण मारणारे. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण मी या वेळी सगळं पहिल्यापासून, काही न गाळता लिहायचं ठरवलंय. ते लोहाराच्या घरातले नव्हते. शेतकऱ्याचे, पलीकडच्या गल्लीतले, तुमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, बुटके, रुंद खांद्यांचे. सगळं गाव त्यांना अण्णाच म्हणायचं आणि तुम्हीही. तंबाखूच्या कापणीच्या दिवसांत विळ्यांची रांग लागायची, तेव्हा तुम्ही सांडशीत तापलेलं लोखंड धरून छोट्या हातोड्यानं जागा दाखवायचात आणि अण्णांचा घण बरोबर तिथं यायचा. तुम्ही दोघं त्या वेळी बोलत नव्हता. मी भात्याजवळच्या पोत्यावर बसून गृहपाठ करायची आणि त्या ठोक्यांवर पाढे म्हणायची. अजून मला तेराचा पाढा त्याच चालीत आठवतो.

कॅम्पातला तो दिवस मला नेहमी असा दिसतो: आपण दोघंच चाललोय. मोठ्या झाडांची सावली रस्त्यावर हलते आहे. चर्चमधून कसल्या तरी वाद्याचा आवाज येतोय, गणवेशातले जवान सायकलींवरून जाताहेत, आणि तुम्ही माझा हात धरलाय. तुमच्या तळव्याला कायम एक कोरडी ऊब असायची. दुसऱ्या हातानं तुम्ही शर्टाच्या खिशात काहीतरी सारखं चाचपताय. एक छरा, बेअरिंगमधला, बोराएवढा, इतका गुळगुळीत की त्यात माझं तोंड उलटं दिसतं. भंगारवाला कानडीत "एन बेकु री?", काय पाहिजे, म्हणून उठतो आणि तुम्ही ऐरण म्हटल्यावर हातानं आवार दाखवतो. चार ऐरणी आहेत. गवत त्यांच्या अंगावर आलंय.

पहिली तुम्ही नुसती बघून सोडलीत, तिच्या कडा उडालेल्या होत्या. दुसरीवर तुम्ही हातोडीनं हलकेच टकटक केलंत आणि ती वाजली. काय वाजली, आप्पा, शाळेची घंटा वाजवावी तशी. मी म्हटलं, "हीच घेऊया." तुम्ही हसलात. वीतभर उंचीवरून छरा तिच्यावर सोडलात आणि तो दोन बोटं वर उडाला, टुपटुप करून थांबला. "हिला आग लागून गेल्याय कवातरी," तुम्ही म्हणालात. "पाणी उतरलंय, कडकपणा गेलाय. आवाज हाय, पण उसळी न्हाय." भंगारवाला म्हणाला, "लोखंड म्हंजे लोखंड हाय की ओ मालक, सगळं सारकंच." तुम्ही तोवर पुढे सरकलात. तिसरीला भेग होती. चौथी ऐरण कोपऱ्यात, गंजलेली, चोच जराशी वाकडी. हातोडीला तिनं नुसता ठक्क असा आवाज दिला, मातीच्या भिंतीसारखा. मला ती अजिबात आवडली नाही. मग तुम्ही छरा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "सोड." मी सोडला. तो परत वर आला, जवळजवळ माझ्या बोटांपर्यंत, आणि परत, आणि परत. मी मोजत होते. अकरापर्यंत मोजलं आणि पुढचं इतकं बारीक झालं की मोजता येईना. "आवाजावर जाऊ नगंस," तुम्ही म्हणालात. "तिला दिल्यालं ती किती परत देत्याय, ते बघायचं. जी परत देत न्हाय ती हात खाती." मग तुम्ही मला तिच्या माथ्यावर इकडे तिकडे, कडेला, मधोमध, सगळीकडे छरा टाकायला लावलात. एका जागी जरी तो मेला असता तरी तुम्ही ती घेतली नसती.

पुढे गावात लोक चिडवायचे, लोहाराची ऐरण मुकी. कुणीतरी म्हणालं होतं, "तुमची ऐरण बोलत न्हाय काय ओ?" आणि तुम्ही म्हणालात, "ऐकत्याय की."

या पत्रासाठी तो दिवस पुन्हा आठवताना मी एका ठिकाणी अडले. ऐरण ऐंशी किलोची आहे. भंगारवाल्याच्या काट्यावर आपण ती बघितली होती, तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर आहे. ऐंशी किलो तुम्ही एकट्यानं टेम्पोत चढवली कशी? मला फक्त तुम्ही आणि मी दिसतो, झाडं, सावली. पण दुसरं टोक कुणीतरी धरलेलं असणार. हे रोजचं काम आहे माझं, अहवालात जे लिहिलंय ते घडू शकतं का, हे तपासणं. म्हणून मी डोळे मिटून पुन्हा त्या आवारात गेले आणि सावकाश, सावकाश, टेम्पोच्या मागच्या बाजूला आणखी दोन हात दिसायला लागले. खांद्यावर दुमडलेलं पोतं. आणि आवाज: "आप्पा, बोटं सांभाळा." परत येताना निपाणीपर्यंत मी त्याच पोत्यावर झोपले होते, ऐरणीला पाठ लावून. अण्णा होते आपल्याबरोबर. पहिल्यापासून होते. मीच त्यांना तिथून काढून टाकलं होतं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. तुम्ही गेल्यावर महिन्याभरानं अण्णा घरी आले. दारातच उभे, टोपी हातात. म्हणाले, "पोरी, तुला ऐरण लागत नसली तर मी घिऊन जाऊ काय? काम हाय, पर ठोकायला कायच न्हाय." आई वखारीत गेलेली, तंबाखू चाळायला. घरात मी एकटी. मी सोळा वर्षांची होते आणि माझ्या तोंडात तुमचं वाक्य तयार होतं, फक्त उच्चारायचं होतं. मी म्हटलं, "आजोबांपास्नंची हाय अण्णा. घरची ऐरण भायेर देत न्हाईत आमच्यात." ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. आज वाटतं, त्या वेळात त्यांना कॅम्पातलं आवार दिसलं असणार, स्वतःचे हात दिसले असणार. मग म्हणाले, "बरोबर हाय तुझं. घरची वस्तू घरात ऱ्हावी." आणि टोपी घालून गेले. परत कधी विचारलं नाही.

मला ती का हवी होती, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मला लोहारकाम करायचं नव्हतं. तुम्ही मला सांडशी धरायला शिकवलंत, पोलादाचा रंग ओळखायला शिकवलंत, थंडीच्या दिवसांत पहिला घाव घालायच्या आधी कोमट लोखंडाचा तुकडा ऐरणीवर ठेवून तिचा गारठा घालवायला शिकवलंत, पण लाल लोखंड तिच्यावर विसरून कधी ठेवायचं नाही, हेही. छिन्नीनं काही तोडायचं तर खाली मऊ पत्रा घ्यायचा. पावसाळ्याच्या तोंडावर तेलाचं फडकं फिरवायचं. ऐरणीखालचा ओंडका बाभळीचा, कारण त्याला घाव सोसतो. हे सगळं मला येतं आणि कशाचाच उपयोग मला करायचा नव्हता. मला फक्त ती असायला हवी होती. तुमच्या हातांनी जिच्यावर एवढं मारलं ती वस्तू माझ्या घरात असली की तुम्ही पुरते गेला नाहीत, असं काहीतरी. सोळाव्या वर्षी हे कळण्यासारखं आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी तेवढं नाही.

एकदा तुम्ही मला रागावला होता. खरं तर रागावला नाहीत, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं. मी दहा वर्षांची असेन. ऐरण वाजत नाही म्हणून मला राग होता आणि तुम्ही जेवायला गेला असताना मी मोठा हातोडा दोन्ही हातांनी उचलून मोकळ्या ऐरणीवर घातला. ती वाजली नाहीच. हातोड्याची कड तिरकी लागली आणि माथ्यावर एक खूण पडली, नखाएवढी, चंद्रकोरीसारखी. तुम्ही परत आलात, बघितलंत. माझं बोट धरून त्या खुणेवरून फिरवलंत. "तिच्यावर काय ठेवल्याबिगर मारायचं न्हाय," तुम्ही म्हणालात. "आता हितं जे ठिवू तेच्यावर ही कोर उठणार." आणि तसंच झालं. त्या जागी ठोकलेल्या विळ्यांवर, खुरप्यांवर, पात्याच्या एका बाजूला एक बारीकशी कोर असायची. मी लोकांच्या शेतात ती बघून मान खाली घालायची. नंतर कधीतरी, मला वाटतं त्या खंडेनवमीलाच, तुम्ही छरा माझ्या हातात ठेवलात. "तुज्याकडं असू दे. तुला तपासायची सवं लागू दे, मारायची नगं."

ती सवय मला लागली, आप्पा. मी बेळगावजवळ मच्छेला कारखान्यात तपासणीच्या खोलीत बसते. तापवून ठोकलेले, पाणी दिलेले तुकडे माझ्याकडे येतात आणि मी मशीनखाली ठेवून त्यांचा कडकपणा मोजते. मशीनचं टोक तुकड्यावर दाबलं जातं आणि एक टिंब उमटतं, मोहरीहून लहान. टिंब किती खोल गेलं यावरून आकडा येतो. बरोबरच्या मुली म्हणतात मी एकच तुकडा तीनदा तपासते. खरं आहे. छरा माझ्या टेबलावर एका बाटलीच्या झाकणात असतो, गावाला जाताना खिशात. दुपारी जेवणानंतर खोलीत भट्ट्यांचा घुमका आवाज लांबून येत राहतो, डोळे जड होतात, आणि कधी कधी त्या अर्धवट झोपेत मी निपाणीच्या बसमध्ये असते. ऐरण माझ्या मांडीवर आहे आणि तिचं काही वजन नाही, उशीएवढंच. कंडक्टर येतो, तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, "लगेज न्हाय, हाफ तिकीट." मी दोन तिकिटं घेते. मग मला आठवत नाही कुठं उतरायचंय.

तीन आठवड्यांपूर्वी रविवारी गावाला गेले होते. अण्णांच्या कामाच्या छपरासमोरून जायचा रस्ता मी सहसा टाळते, त्या दिवशी पाऊस झालेला आणि दुसऱ्या वाटेला चिखल होता. अण्णा खुरपं ठोकत होते. रुळाच्या तुकड्यावर. बारा वर्षं ते रुळाच्या हातभर तुकड्यावर काम करताहेत, हे मला माहीत होतं, पण उभं राहून बघितलं नव्हतं. आता बघितलं आणि मला सवयच आहे नको ते बघायची: हातोडा खाली येत होता आणि तिथंच राहत होता. परत वर येत नव्हता. प्रत्येक घावानंतर अण्णा तो स्वतःच्या जोरानं उचलत होते. आपल्या ऐरणीवर तुमचा हातोडा अर्धा आपणहून वर यायचा. कोपराला त्यांनी फडकं बांधलं होतं.

"हात काय झालाय अण्णा?"

"काय न्हाय. वय झालंय तेचं." ते हसले. "माझं न्हाय गं, हाताचं."

मी रुळाकडे बघत होते. ते त्यांना दिसलं. म्हणाले, "निपाणीला रेल्वे काय आली न्हाय, माझ्या दारात तेवढा रूळ आलाय. आता गाडीची वाट बघत बसलोय." मग आत जाऊन चहा आणला. छपराच्या खांबाला एक जुना विळा अडकवलेला होता, मूठ गेलेला. पात्यावर कोर होती. निघताना म्हणाले, "ऐरणीला त्याल लावतीस न्हवं? पाऊस लई हाय औंदा." मी व्हय म्हटलं. तेही खोटं होतं.

घरी येऊन मी ऐरणीवरचं पोतं काढलं. तुमच्या कामाचं छप्पर पडल्यापासून ती स्वयंपाकघरात मागच्या दाराजवळ आहे, ओंडक्यासकट, आणि आई तिच्यावर पिठाचा डबा ठेवते. डबा उतरवला, पोतं काढलं, आणि खिशातला छरा तिच्यावर टाकला. मधोमध तो अजून उसळतो, आप्पा. मी मोजलं, अकरा. पण चोचीकडच्या बाजूला टाकला तर तिरका उडून चुलीखाली गेला. दिवा जवळ धरून बघितलं. माथ्याच्या त्या भागात खड्डे आहेत, तांबूस, मसुराएवढे, कुठे कुठे एकमेकांत मिसळलेले. खाली बसून मी बराच वेळ बोटांनी ते चाचपत होते आणि मला कळत होतं ते कशाचे आहेत.

तुम्ही गेल्यापासून मी एकही खंडेनवमी चुकवली नाही. रजा मिळो न मिळो, गावाला येते, ऐरण धुते, हळदकुंकू वाहते, झेंडूची माळ घालते आणि नारळ फोडते. तिच्यावरच. चोचीच्या बुडाशी, जोरानं, आणि सगळं पाणी तिच्या माथ्यावर जाऊ देते, मला ते अभिषेकासारखं वाटायचं. मग संध्याकाळची बस. फुलं तशीच ओली, आई ती चार दिवसांनी काढते आणि वर पोतं टाकते. आता नीट आठवलं तर तुम्ही नारळ ऐरणीवर कधीच फोडला नाहीत. उंबऱ्याजवळच्या दगडावर फोडायचात, दोन बोटं पाण्यात बुडवून ऐरणीवर शिंतोडा द्यायचात, एवढंच. आणि दसऱ्याला सकाळी फुलं काढून, कोरड्या फडक्यानं पुसून, तेल लावून पहिला घाव घालायचात, लहानसा एखादा खिळा का होईना, ठोकून काढायचात. "पूजा केली की दुसऱ्या दिशी काम करायचं," म्हणायचात, "न्हायतर पूजा अर्धी." मी बारा अर्ध्या पूजा केल्या. तुमची ऐरण मी कुणाला दिली नाही, आणि बारा वर्षं नारळाचं पाणी घालून ती खाल्ली.

माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की आधी दुरुस्त करू. कारखान्यात माथा घासून देणारं मशीन आहे, ओळखीनं होईल. मग नव्यासारखी करून अण्णांना देऊ. त्यावर दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तपासणी करताना लक्षात आलं, कडकपणा वरच्या थरातच असतो. खड्डे जाईपर्यंत घासलं तर तो थरच जाईल, छरा मग सगळीकडेच मरेल. खड्ड्यांत लोखंडाची भर घालून तापवली तर पाणी उतरेल, त्या वाजणाऱ्या ऐरणीसारखी होईल ती. हे तुम्ही मला आठव्या वर्षी सांगितलेलं. मग मी दुरुस्त कशासाठी करायला निघाले होते? अण्णांनी खड्डे बघू नयेत म्हणून. आणि थोडे दिवस आणखी मिळावेत म्हणून. खड्डे राहतील. मी फक्त तारेच्या ब्रशनं गंज काढलाय आणि तेल लावलंय, सलग दोन रविवार. काम मधोमध करता येईल.

आणखी एक लिहायचंय. तुमच्या शेवटच्या वर्षी तुम्ही ओंडका खालून कापून घेतला होता. मला वाटलं, आजारपणानं वाकलात म्हणून ऐरण खाली घेतलीत. ऐरणीची उंची तुम्हीच मला शिकवलेली: ताठ उभं राहून हात सैल सोडायचा, मूठ वळायची, मूठ जिथं टेकेल तिथं माथा. गेल्या रविवारी आई बाहेर होती तेव्हा मी ऐरणीजवळ ताठ उभी राहिले आणि मूठ वळली. मनात काय होतं ते सांगते: टेकली तर ती माझी. टेकली नाही. चार बोटं अंतर राहिलं. माझी उंची तुमच्यावर गेलीय. मग मला अण्णा आठवले, बुटके, रुळाजवळ उभे. तुम्ही दवाखान्यात बोलायच्या वर्षभर आधीच ते लाकडात करून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "आनि मी तेच्यावर बारा वर्सं पिठाचा डबा ठेवला." भाकरी फुगली, तिनं ती उलटली. "दे जा तेला. पर ते बोलल्यालं सांगू नगंस. ऐरण द्याची हाय एवढंच म्हण. तेला बरं वाटंल, तुलाबी बरं वाटंल. एवढ्या वर्सांनी उगं कशाला?" मी कधी देणार ते सांगितल्यावर म्हणाली, "घट बसायच्या दिशी लोखंड घराभायेर काढतीस व्हय? मंगळवारी दे की." आणि मी नाही म्हटल्यावर, "मग डबा कुठं ठेवू सांग."

रविवारी सर्वपित्री अमावास्या आहे. आई खीर आणि वडे करणार, तुमचं पान वाढणार. अमावास्येला अण्णा भट्टी पेटवत नाहीत, तुम्हीच घालून दिलेली पद्धत आहे, म्हणून रविवारी नाही. मंगळवारपर्यंत थांबले तर मी मंगळवारी नवीन कारण शोधीन, मला माझी खात्री आहे. सोमवारची रजा मी टाकली आहे. गल्लीतल्या टेम्पोला आणि दोन माणसांना सांगून ठेवलंय. मी टेम्पोच्या आधी चालत जाणार. आईचं मी यात ऐकणार नाही. आधी तुमचं वाक्य सांगणार, दवाखान्यातलं, जसं तुम्ही म्हणालात तसं, आणि मग टेम्पो येईल. उलटा क्रम केला तर अण्णा ऐरण बघून माझे उपकार मानतील, आणि त्यानंतर ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही, कारण उपकार मानून घेणं मला आवडेल. हे मला आत्ताच माहीत आहे, म्हणून इथे लिहून ठेवते. हे पत्र मागच्या पत्राबरोबर पेटीत जाईल. सोमवारी, घट बसायच्या दिवशी, टेम्पो दहाला येणार आहे. मी साडेनऊला अण्णांच्या दारात असेन.